दोन एकर उरल्यावर शेती पुन्हा कशी उभी करायची?

प्रश्न विचारणारे तरुण शेतकरी लातूर-बीडच्या हद्दीवरच्या एका गावचे आहेत. घरची पाच एकर जमीन होती. वडिलांनी दहा गुंठ्यांत पॉलिहाऊस उभं करून जरबेरा लावला. आधी प्लॅस्टिकच्या फुलांनी भाव पाडला, मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्नसराई बुडाली आणि फुलं बांधावर टाकावी लागली. बँकेचं कर्ज थकलं, ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला, दीड एकर विकली, आणखी दीड एकर गावातल्या सावकाराला ‘लिहून दिली’. आता दोन एकर उरली आहे, बोअर आटलंय आणि वडील घराबाहेर पडत नाहीत. ते स्वतः चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला आहेत, बायको-मुलं गावी. त्यांनी विचारलंय: नोकरी सोडून परत यावं का? उरलेली दोन एकर विकून कर्ज फेडून टाकावं का? आणि आलोच तर पहिलं काय लावावं?

मी बरीच वर्षं सहकारी बँकेत शेती कर्जाचं काम पाहिलं. निवृत्तीनंतर थकबाकीत अडकलेल्या कुटुंबांना कागद लावून देतो, त्यांच्याबरोबर बँकेत, निबंधकाकडे, तहसीलला जातो. उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत. दुसऱ्यांदा कोसळलेलीही पाहिली आहेत, आणि त्यांच्यात एक गोष्ट जवळजवळ नेहमी सारखी असते. गेलेलं सगळं एका पिकात परत आणायचं, असं त्यांनी ठरवलेलं असतं. कुणी सगळा पैसा आल्याच्या पिकात घालतं, कुणी उसन्या पैशावर टोमॅटो करतं, कुणी कुक्कुटपालनाचं शेड उभं करतं. भाव लागला तर सगळं फिटणार असतं, पण त्या वर्षी भाव लागत नाही. तुम्हाला सांगायचं ते एवढंच आहे, बाकीचं त्याचा तपशील: पहिली दोन वर्षं नुकसान भरून काढायचा विचार बाजूला ठेवा. घरात धान्य राहील, दर आठवड्या-पंधरवड्याला थोडा रोख पैसा येईल आणि नवीन कर्ज होणार नाही, एवढंच जमवा.

पहिलं काय लावावं हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे. तो शेवटीच येऊ द्या, आधी कागद.

एका वहीत घरावरचं प्रत्येक देणं लिहा. बँक, सोसायटी, ट्रॅक्टर कंपनी, कृषी सेवा केंद्राची उधारी, पाहुण्यांचे हातउसने, बचत गट, मायक्रोफायनान्सचा हप्ता, सावकार. प्रत्येकापुढे मुद्दल किती घेतलं, आजवर किती दिलं, व्याज काय आणि तारण काय दिलंय ते मांडा. वडिलांना शेजारी बसवूनच हे करा, कारण काही देणी फक्त त्यांनाच माहीत असतील आणि ती त्यांनी लाजेखातर कुणाला सांगितलेली नसतील. अशा बैठकीत घरच्यांना ठाऊक नसलेला एखादा कोरा चेक किंवा बाँड पेपर निघतोच. निघाला तर वडिलांना बोल लावू नका, नाहीतर पुढचं बाहेर येणार नाही. त्यानंतर उरलेल्या आणि लिहून दिलेल्या अशा दोन्ही जमिनींचा ताजा सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि गेल्या काही वर्षांतले सगळे फेरफार काढा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुणाचा बोजा आहे ते बघा.

या यादीत सगळ्यात आधी सावकाराकडे वळा. ‘लिहून दिली’ म्हणजे बहुतेक रजिस्टर खरेदीखत झालंय आणि पैसे फेडले की जमीन परत, असं तोंडी ठरलंय. मराठवाड्यात हे सर्रास चालतं. कर्जाचा कागद कुठेच नसतो, कागदावर फक्त विक्री असते. म्हणून लोक समजतात की सही केली तिथेच विषय संपला. तो संपलेला नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली, सावकारी कर्जाच्या बदल्यात गेलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या मागच्या 15 वर्षांतले व्यवहार त्यात तपासता येतात. चौकशीत सिद्ध झालं की खरेदीखत हे प्रत्यक्षात कर्जाचं तारण होतं, तर ते खत अवैध ठरवून ताबा मूळ मालकाला देण्याचा आदेश निघू शकतो. सहकार खात्याचं तालुक्याचं सहायक निबंधक कार्यालय आहे, अर्जाची चौकशी तिथूनच सुरू करा.

यात जिंकणं-हरणं पुराव्यावर असतं आणि पुरावा तुमच्या घरातच पडलेला असतो. खरेदीखतात लिहिलेली रक्कम त्या वर्षीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा फार कमी आहे का? खत झाल्यावरही जमीन तुम्हीच कसत होता का, पेरा कुणाच्या नावचा लागत होता, वीजबिल कोण भरत होतं? खतानंतरही त्याच माणसाला तुम्ही पैसे देत राहिलात का? जमीन खरोखर विकणारा माणूस खरेदीदाराला दर महिन्याला पैसे कशाला देईल? फोनवरून पाठवलेले असतील तर बँकेचा उतारा काढा. शेवटी, त्याच माणसाच्या नावावर गावात आणि आजूबाजूला आणखी किती खतं झाली आहेत, हे दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या खतांच्या यादीत, शोधा. एकाच्या नावावर गरजूंच्या अशा दहा-बारा छोट्या खरेद्या दिसल्या तर तो शेतकरी म्हणून जमिनी घेतोय की सावकारी करतोय, हे चौकशी अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. विनापरवाना सावकारीला याच कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकानेही शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्के यापेक्षा जास्त व्याज लावायचं नाही, आणि व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करायची नाही, असं बंधन आहे. महिन्याला शेकडा तीन, पाच, दहा हे जे दर गावात चालतात, त्यांना कायद्याचा कुठलाही आधार नाही.

अर्ज तयार होईपर्यंत सावकाराकडे जाऊन ‘तुझ्यावर केस करतो’ म्हणू नका. तो जमीन तिसऱ्याच्या नावावर फिरवून ठेवतो आणि प्रकरण किचकट होतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे आईला किंवा पत्नीला जिथे पक्षकार होता येत असेल तिथे त्याचा उपयोग करून घ्या. मात्र जी दीड एकर तुम्ही बाजारभावाने उघड विकली ती गेली असं धरा. खऱ्या विक्रीला सावकारी ठरवायला गेलात तर खऱ्या अर्जाचंही वजन जातं.

आता बँक. तुमच्या मनात बँक दारात येऊन जमीन लिलावात काढेल अशी भीती आहे, ती जरा बाजूला ठेवा. थकबाकीदाराची मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळाला, पण त्याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. बँकेला दिवाणी न्यायालयात, आणि रक्कम 20 लाखांच्या वर असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याची औतं, पोटापाण्यापुरती जनावरं, बियाणं आणि राहतं घर यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चं संरक्षण आहे. फक्त जे स्वतःहून गहाण दिलंय त्याचा विचार वेगळा होतो. सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर जास्त सावध राहा. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन कलम 156 खाली त्यांचा वसुली अधिकारी थेट जप्तीपर्यंत येऊ शकतो.

म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण तो गप्प बसून घालवायचा नाही. नोटीस आली की लेखी उत्तर द्या, पोच घ्या. शाखेत जाऊन एकरकमी परतफेडीचं धोरण विचारा. जुन्या बुडीत खात्यांत व्याजाचा मोठा भाग सोडायला बँका तयार होतात, कधी मुद्दलातही सवलत मिळते. राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोड झाली तर निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. पण जेवढी रक्कम खरंच भरता येईल तेवढीच कबूल करा. तडजोडीचा हप्ता चुकला की सवलत जाते आणि पूर्ण रक्कम पुन्हा अंगावर येते. तोंडी आश्वासनावर एक रुपया भरू नका, मंजुरीचं पत्र हातात घ्या, पैसे भरल्यावर बेबाकी (काही देणं उरलं नसल्याचा) दाखला घ्या आणि तलाठ्याकडून बोजा उतरल्याचा फेरफार होईपर्यंत पाठ सोडू नका. ट्रॅक्टर कंपनीचंही तसंच: लिलावात किती किंमत आली आणि ती खात्यात कधी जमा केली, याचा हिशेब लेखी मागा. तो न देता उरलेल्या रकमेची नोटीस धाडणं नेहमीचं आहे.

उरलेली दोन एकर विकून सगळं फेडावं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मान राखण्यासाठी म्हणून ही सूचना तुमच्या घरात कुणीतरी केली असणार, आणि ती चांगल्या मनाने केली असणार. पण कुळकायद्यामुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, परवानगीच्या वाटा फार अरुंद आहेत. शेवटचा सातबारा गेला की उद्या पैसा आला तरी परतीचा रस्ता अवघड. पीक कर्ज, पीक विमा, पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाचे 12 हजार, आपत्तीतली मदत, सगळं त्याच उताऱ्यावर टांगलेलं आहे. त्या दोन एकरांना हात लावू नका.

नोकरीही सोडू नका, निदान दुसरा खरीप निघेपर्यंत. हिशेब मांडून बघा. कोरडवाहू सोयाबीन पाऊस बरा झाला तर एकरी सहा-सात क्विंटल येईल. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता आणि बाजारात बहुतेकांना त्याहून कमी मिळाला. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी वजा करा. दोन एकरांतून वर्षाकाठी जे उरेल त्यात तुमचं घर चालणार नाही, मग तुम्ही कितीही कष्ट करा. चाकणचा पगार हेच सध्या तुमच्या शेतीचं भांडवल आहे आणि त्यावर व्याज नाही. पेरणीला आणि काढणीला रजा काढून या. रोजचं शेत पत्नी बघत असतील तर निर्णयही त्यांना घेऊ द्या. फोनवरून चाकणहून शेती करू नका.

पत्नीच्या नावाने एक धोकाही येईल, तो आत्ताच सांगतो. मायक्रोफायनान्सची माणसं गावात येतात, गट करतात, आठवड्याचा हप्ता ठरवतात. शेतीचा पैसा आठवड्याला येत नाही, म्हणून एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज काढलं जातं. सरकारच्या उमेद अभियानातल्या बचत गटात त्या असतील तर तिथून थोडकी रक्कम घेणं वेगळं. मायक्रोफायनान्सचं नवं कर्ज मात्र पहिली दोन वर्षं घरात येऊ देऊ नका.

रोख पैशासाठी शेळ्या, हे मी मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक अशा घराला सांगतो. म्हशीला पाणी, हिरवा चारा आणि एकदम मोठी रक्कम लागते; तुमच्याकडे आज तिन्ही नाही. उस्मानाबादी शेळी तुमच्याच हवामानातली आहे, जुळी देण्यासाठी नावाजलेली आहे. गाभण काळ पाच महिन्यांचा, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. पाच शेळ्यांपासून सुरू करा, पन्नासपासून नको. बाजारातून आणू नका, कारण बाजारात आजार फिरतात. ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन, आईची वेतं विचारून, दात बघून घ्या आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या बांधा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस चुकवू नका. सरकारी दवाखान्यात अगदी नाममात्र खर्चात होणारी ही कामं न केल्यामुळे एका आठवड्यात अख्खा कळप गेलेला मी पाहिलाय. बोकड स्वतःचा नको, गावातला चांगला बघा आणि दोन वर्षांनी बदला. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा. पहिल्याच पावसात बी टोचलं तर पुढच्या उन्हाळ्यात पाला मिळतो. पाच शेळ्यांतून वर्षाला आठ-दहा करडं वाचली तरी पुष्कळ. पहिल्या वर्षी पाटी (मादी करडं) विकू नका, फक्त बोकड विका, आणि तेही शक्यतो बकरी ईदचा अंदाज धरून. पंधरवड्याच्या खर्चाला गावरान कोंबड्यांची अंडी आणि थोडा भाजीपाला.

आता पीक. दोन एकरांतलं एक एकर सोयाबीन आणि तूर, चार ओळींना दोन ओळी. सोयाबीन गेलं तर तूर हाताला लागते आणि वर्षाची डाळ घरची होते. तुरीला बदनापूरचं बीडीएन-711 किंवा 716 हे वाण, सोयाबीनला परभणीचं एमएयूएस-612 किंवा राहुरीचं फुले संगम, जे तुमच्या शिवारात चाललंय ते. सोयाबीनचं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही, सरळ वाणाचं घरचं बी तीन वर्षं चालतं. फक्त त्याचं टरफल नाजूक असतं: मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 350-400 च्या आत ठेवा, पोती उंचावरून आदळू नका, थप्पी उंच लावू नका. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीचं बियाणं, एकरी साधारण तीस किलो. कमी उगवले तर त्या मानाने वाढवा. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण घालू नका. दुबार पेरणी तुमच्या आजच्या स्थितीत परवडणारच नाही. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर पावसाने ओढ दिली तरी आणि तो जास्त झाला तरी पीक तग धरतं.

पाऊण एकर रब्बी ज्वारीला राखून ठेवा. मालदांडीला भाव काय मिळतो हे बघू नका, भाकरी आणि कडबा बघा. शेळ्यांना उन्हाळा त्या कडब्यावर काढायचाय. उरलेले दहा गुंठे घराजवळ किंवा पाण्याजवळ चारा आणि भाजीपाल्याला. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) स्वतः करा, विमा भरा: खरिपाला संरक्षित रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का. दिवाळीच्या तोंडावर भाव पडलेले असतात तेव्हा सगळं सोयाबीन एकदम आडतीवर नेऊ नका. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवला तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तुमच्या समितीत ती चालू आहे का, हे सप्टेंबरातच विचारून ठेवा.

नवीन बोअर घेऊ नका. आपल्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमाड, भेगाळ थरात असतं, खाली सहाशे-सातशे फूट जाणं म्हणजे निव्वळ नशीब. कर्जबाजारी घराची शेवटची उचल बोअरच्या गाडीला गेलेली मी फार वेळा पाहिली आहे. त्यापेक्षा शेतातून वाहून जाणारं पावसाचं पाणी गाळून जुन्या बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात उतरवा, बांध दुरुस्त करा, उताराला आडवी पेरणी करा. शेळ्यांचं लेंडीखत दोन वर्षांत जमिनीची ओल धरण्याची ताकद वाढवतं, ते डोळ्यांना दिसतं.

वडिलांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला तुमच्या पत्रातली तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. ज्या माणसाने पाच एकर राखली, पॉलिहाऊस करण्याची हिंमत केली, तो गावात तोंड कसं दाखवू म्हणून आत बसलाय. फुलांचा बाजार त्यांनी पाडला नाही, महामारी त्यांनी आणली नाही. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यांना काम द्या, खरं काम: शेळ्या निवडायला त्यांनाच न्या, बियाण्याचे दाणे त्यांनाच मोजू द्या. झोप गेली असेल, जेवण तुटलं असेल, ‘माझ्यामागे तुमचं बरं होईल’ असं काही बोलत असतील तर वाट बघू नका. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि किल्ली पत्नीकडे द्या. हे आजच करा, बाकी सगळ्याच्या आधी.

कर्ज पुन्हा कधी घ्यायचं? दोन खरीप नवीन उधारीशिवाय निघाले, घरचं बियाणं घरात आहे, शेळ्यांचा पैसा नियमित येतोय आणि जुन्या बँकेची तडजोड पूर्ण झाली, तर सोसायटीकडून पीक कर्ज घ्या. तीन लाखांपर्यंतचं वेळेवर फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात ते बिनव्याजी पडतं. त्याआधी तुमचा आणि वडिलांचा सिबिल अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो तो काढून बघा. तडजोडीचं खातं त्यात ‘सेटल्ड’ दिसेल आणि शाखाधिकारी त्याबद्दल विचारेल, तेव्हा मंजुरीपत्र आणि बेबाकी दाखला बरोबर ठेवा. नोकरी सोडण्याचा विचार त्यानंतर, आणि सावकाराकडची दीड एकर परत आली तर जास्त निश्चिंत मनाने.

राहिला पॉलिहाऊसचा सांगाडा. भंगारवाला पाइपांचा भाव विचारून गेला असेल. तो सांगाडा बँकेकडे तारण आहे, म्हणून बँकेच्या लेखी परवानगीशिवाय एकही पाइप विकू नका, तो फौजदारी तक्रारीचा विषय होऊ शकतो. परवानगी मिळाली तर पैसे थेट कर्जखात्यात भरून पावती घ्या. तोवर एका बाजूला जुनं शेडनेट आणि तुराट्यांचा कूड करून शेळ्यांचा गोठा तिथेच करा. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, उताराची जागा निवडा, म्हणजे पावसाळ्यात लेंड्या कोरड्या राहतील आणि खुरं सडणार नाहीत.